ताक्यातला दोष शेतात शोधा

रंगवलेल्या ताक्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले की पहिला आळ रंगाऱ्यावर येतो. रंगारी सूतवाल्याकडे बोट दाखवतो, सूतवाला जिनिंगकडे. माझा एक लॉट असाच गिऱ्हाइकाकडून परत आला आणि मी रंगाऱ्याची मजुरी कापली. पुढे रुईच्या एका जाणकाराने तो ठिपका सुईने उकलून दाखवला. आत न पिकलेल्या तंतूंची गुठळी होती. कच्चा तंतू रंग नीट धरत नाही. यात रंगाऱ्याचा काय दोष?

तंतू कच्चा राहण्याची कारणे अनेक: पाण्याचा ताण, कीड, घाईची वेचणी. त्यातच एक कारण म्हणजे जमिनीतली बुरशी.

कपाशीच्या 'मर' रोगाचे वर्णन अमेरिकेत अलाबामा येथे अ‍ॅटकिन्सन यांनी 1892 साली केले. फ्युजेरियम नावाची ही बुरशी मुळातून आत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढते. नळ्या तुंबतात, पाणी वर चढत नाही. शिवाय ती विष सोडते. फ्युजेरिक अ‍ॅसिड हे त्यातले एक, ते 1934 साली जपानी संशोधकांनी वेगळे काढले. या विषाने पेशींचे पातळ आवरण बिघडते आणि आतला ओलावा पाझरून जातो. म्हणजे वरून पाणी तोडले आणि घरातला माठही फोडला! पाने पिवळी पडतात, झाड माना टाकते. खोड उभे चिरले तर आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. झाड अकाली वाळले तर बोंडे लहान राहतात आणि रुई कच्ची.

आपल्याकडे हा रोग मुख्यतः देशी वाणांवर येतो, अमेरिकन वाणांना त्याचा त्रास फारसा नाही. बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून झाड सुकल्यावर औषध मारून उपयोग नाही. रोग न धरणारे वाण, पिकाची फेरपालट आणि ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची बीजप्रक्रिया, हेच उपाय.

दुसरी बुरशी बोंडांवर येते. बोंडे फुटताना पाऊस लागला की अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशा रुईवर बसतात. रुई पिवळट किंवा काळपट होते. काही बुरशा तंतूच खातात, मग ताणा मागावर वारंवार तुटतो आणि मागवाल्याचा दिवस गाठी मारण्यात जातो. याच कुटुंबातली एक बुरशी सरकीत अफलाटॉक्सिन हे विष तयार करते. तशी पेंड जनावराने खाल्ली की त्याचा अंश दुधात उतरतो.

व्यापारी बांधवांनी एवढे करावे. ओला कापूस वजनाच्या लोभाने गोदामात भरू नये. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलावा हा पाया धरतात आणि 12 टक्क्यांवरचा माल घेत नाहीत, त्याला कारण आहे. डागी रुई चांगल्या रुईत मिसळू नये. सूत घेताना थोडा नमुना गडद रंगात बुडवून पाहावा, ठिपके तिथेच दिसतील. कारागिराची मजुरी कापण्याआधी दोष कुठून आला ते तपासावे.

त्या रंगाऱ्याची कापलेली मजुरी मी परत केली. ताक्याचे नुकसान मात्र माझ्याच वहीत राहिले, कारण सूत न पाहता घेतले होते मी.