आधी टायर, मग सायकल

क्रूझर सायकल हाताने बनवायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी फ्रेमचं चित्र काढतो. लांबच लांब वाकदार नळ्या, मागे झुकलेली सीट, रुंद हँडल. चित्र झकास दिसतं आणि दोन महिन्यांनी मागचं चाक फ्रेमला घासतं. कारण क्रूझरचं सगळं माप टायर ठरवतो आणि चित्र काढताना टायर शेवटी आठवतो.

इतिहासही हेच सांगतो. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे, कमी हवेचे 'बलून' टायर असलेली सायकल बाजारात आणली. अमेरिकेत तेव्हा मंदी होती आणि सायकल हे प्रामुख्याने पोरांचं वाहन झालं होतं. जाड टायर बसवायचा तर फोर्क रुंद हवा आणि मागच्या नळ्या फाकवलेल्या हव्यात. मडगार्डही त्याच बेताचं मोठं हवं. मग त्याला शोभेलशी गुबगुबीत फ्रेम आणि मोटरसायकलचा भास देणारी खोटी पेट्रोल टाकी आली. टाकी माझ्या मते अजूनही निव्वळ ओझं आहे, पण टायर मात्र कामाचा. मीरा-भाईंदरच्या खड्ड्यांवरून एकदा अशा सायकलवर बसून गेल्यावर वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

या शहराचं नाव घेण्याला कारण आहे. भाईंदर पूर्वेचे औद्योगिक गाळे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. जिथे स्टीलचं काम चालतं तिथे नळी वाकवणारा, लेथवाला, 'आर्गन'वाला वेल्डर आणि पॉलिशवाला फार दूर नसतो. पश्चिमेला उत्तन, चौक, पालीच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची वस्ती, आणि आपल्या किनारपट्टीवर होडीच्या लाकडावर फायबरचे थर चढवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. म्हणजे क्रूझरला लागणारे दोन्ही हुन्नर, नळीचा आणि फायबरचा, एकाच महापालिकेच्या हद्दीत शोधता येतात. त्यांना एका आराखड्यात बांधणारा माणूस तेवढा हवा.

तर आधी टायर. २६ × २.१२५ हे माप घ्या. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर, टायरची उंची सुमारे ५४, म्हणजे चाकाची त्रिज्या साधारण ३३३. त्याच्यावर मडगार्डसाठी किमान १५ ते १८ मिलिमीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे मडगार्डची आतली त्रिज्या ३५० धरा. रुंदी ८० पुरते. पावसाळ्यात टायरला चिखल, पाला, प्लॅस्टिकची पिशवी काहीही चिकटून वर येतं, त्यामुळे ही जागा कमी करण्याचा मोह टाळावा. चार इंची टायरची हौस अनेकांना असते. पण तेवढा टायर बसवला की चेन बाहेर सरकवावी लागते, बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस फिरतो तो भाग) रुंद घ्यावी लागते, आणि पॅडल मारताना पाय फाकतात. चौपाटीच्या वाळूत ठीक आहे, मीरा रोड स्टेशनबाहेर नाही.

आता प्लायवूडच्या मोठ्या तुकड्यावर पूर्ण मापाचं चित्र काढायचं. कागदावर छोटं नाही, खऱ्या मापाचं, कारण पुढे नळ्या त्याच चित्रावर ठेवून तपासायच्या आहेत. आधी दोन चाकं, मग मडगार्डची वर्तुळं, आणि उरलेल्या जागेत फ्रेम. हँडलच्या नळीचा जमिनीशी कोन ६८ अंशांच्या जवळपास ठेवतात. वेगाने पळवायच्या सायकलीचा तोच कोन ७३ च्या आसपास असतो. या पाच अंशांत बरंच काही घडतं. हँडलच्या नळीची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या पुढे पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर पळत्या सायकलीत ५५ ते ६० मिलिमीटर भरतं. ६८ अंशांच्या क्रूझरमध्ये, फोर्कला ५० मिलिमीटरचा पुढचा बाक दिला, तर ते ८० च्या घरात जातं. अंतर जितकं जास्त तितकं चाक सरळ राहू पाहतं, म्हणून क्रूझर सरळ रस्त्यावर निवांत जाते आणि अरुंद गल्लीत वळवताना जड वाटते. हा कोन नुसता डोळ्याला बरा दिसतो म्हणून ६२ करणारे लोक आहेत. त्यांची सायकल फोटोत छान दिसते.

खरं तर आपली काळी, दूधवाल्याची सायकलही अशीच झुकलेल्या कोनाची आणि लांब बैठकीची. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० मध्ये कायदा करून सरकारने तो ताब्यात घेतला. त्या घडणीच्या सायकलींचे सुटे भाग आजही मिळतात, त्यामुळे हँडलच्या कटोऱ्या, छर्रे, क्रँक यांसाठी परदेशाकडे बघावं लागत नाही. एक मात्र ठरवून ठेवा: बीबीची नळी कुठल्या आट्यांची आहे. इंग्लिश मापात १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे, आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा. हे न बघता पाना लावून जोर करणारा आटे खाऊन टाकतो.

नळी कोणती? हौशी कामाला साधी ईआरडब्ल्यू, म्हणजे शिवण वेल्ड केलेली, माइल्ड स्टीलची नळी पुरते. एक इंच व्यासाची, १.६ मिलिमीटर जाडीची नळी मीटरला सुमारे ९४० ग्रॅम भरते. वाकदार क्रूझरला अशी पाच-सहा मीटर नळी लागते, म्हणजे नुसती फ्रेम पाच किलोंच्या पुढे. क्रोमोली, म्हणजे ४१३० पोलाद, जास्त ताण सोसतं, त्यामुळे ०.९ मिलिमीटरची नळी चालते. त्याचा ताठपणा मात्र साध्या पोलादाइतकाच. ताठपणा वाढवायचा तर व्यास वाढवावा लागतो. गॅल्वनाइज्ड पाण्याचा पाइप स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळून विषारी धूर होतो आणि जोडही भुसभुशीत येतो.

क्रूझरचं सगळं सौंदर्य वाकवण्यात आहे आणि घोळही तिथेच. नळी नुसती वाकवली तर आतल्या बाजूने दबते आणि चपटी होते. म्हणून तीन रोलरच्या यंत्रावर थोडी थोडी वाकवत नेतात. यंत्र नसेल तर नळीत बारीक वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद करतात आणि नळी तापवून वाकवतात. वाळू आधी कढईत खडखडीत भाजून घ्यायची. ओली वाळू भरून नळी तापवली तर आतल्या वाफेने बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. नळीची वेल्ड केलेली शिवण बाकाच्या आत किंवा बाहेर न ठेवता कडेला ठेवायची, तिथे ताण सर्वांत कमी. यंत्रातून सोडली की नळी थोडी परत उघडते, म्हणून चित्रापेक्षा किंचित जास्त वाकवायची. किती जास्त, हे त्याच लॉटचा तुकडा वाया घालवून कळतं. वरच्या दोन समांतर नळ्या जुळ्या हव्यात. दुसरी नळी चित्रावर नव्हे, पहिलीवर ठेवून तपासावी. चित्रावर दोन्ही बरोबर वाटतात आणि फ्रेममध्ये एक डोकं वर काढते.

नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसेल असं खोलगट कापतात. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून रेघ मारायची, कानशीने घासत जायचं. फट इतकी कमी हवी की कागदही आत जाऊ नये. आर्गनवाला मोठी फटही भरून देतो, पण भरलेली फट थंड होताना ओढते आणि फ्रेम वाकडी होते. म्हणून नळ्या चॅनेलवर पक्क्या आवळून आधी फक्त टाके मारायचे. मग उलटसुलट बाजूंनी थोडं थोडं वेल्डिंग, एका बाजूचं एकदम कधीच नाही. बीबीमध्ये जुने कप फिरवून ठेवले की उष्णतेने आटे कमी बिघडतात.

आणि भोकं. बंद नळीतली हवा तापून फुगते आणि शेवटचा टाका मारताना वितळलेल्या धातूतून फुर्रकन बाहेर पडते. तिथे टाचणीएवढं छिद्र राहतं, वेल्डर ते पुन्हा भरतो, हवा पुन्हा फोडते. उपाय साधा: जोड लावण्याआधी नळ्यांमध्ये आतल्या आत तीन मिलिमीटरची भोकं पाडायची. बीबीच्या तळाशी एक बाहेरचं भोक ठेवलं तर पावसाचं पाणीही निघून जातं. भाईंदरसारख्या मिठागरांच्या आणि खाडीच्या गावात फ्रेम आतूनच सडते, त्यामुळे हे भोक रंगाने बुजू देऊ नये आणि आतून तेल फिरवावं.

टाके मारून झाल्यावर आणि पुन्हा वेल्डिंग संपल्यावर दोऱ्याची परीक्षा. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) हँडलच्या नळीवरून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. मिलिमीटरभराचा फरक चालतो. जास्त असेल तर आत्ताच लांब पाइप घालून दाबून सरळ करा. रंगानंतर कोणी करत नाही.

फायबरचं मडगार्ड हे निम्मं सुतारकाम, निम्मं रसायनशास्त्र. फायबरचा आग्रह का? वजनासाठी नाही. मागच्या मडगार्डला साधारण २०० ग्रॅम काचतंतूंची मॅट आणि ४५०-५०० ग्रॅम रेझिन लागतं. पत्र्याचं मडगार्ड एक किलो भरलं तर हे पाऊण किलो. फायदा आकाराचा. पत्र्याला दोन दिशांनी गोलाई द्यायला प्रेस हवा किंवा हातोडीचा कसबी कारागीर. फायबरला साचा पुरतो. इंग्रज डिझायनर बेंजामिन बोडेनने १९४६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडलेली सायकल १९६० मध्ये अमेरिकेत 'स्पेसलँडर' नावाने निघाली ती अख्खी फायबरच्या अंगाची. जेमतेम पाचशेच्या आसपास खपली. महाग होती आणि फायबर ठिसूळ. आज संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. फ्रेम पोलादाची आणि फायबर फक्त मडगार्डला, हा त्यातून घ्यायचा शहाणपणा.

आधी नमुना. प्लायवूडच्या तबकड्या एकावर एक चिकटवून ८० मिलिमीटर जाडीचं चाक करायचं आणि मधोमध खिळा ठोकायचा. मडगार्डचा छेद पत्र्यातून कापून तो पत्रा खिळ्याभोवती फिरणाऱ्या दांडीला बांधायचा. तबकडीवर पुट्टी थापून दांडी फिरवली की पत्रा जादा पुट्टी खरवडतो आणि गोलाई आपोआप अचूक येते. थर्मोकोलचा नमुना करायचा असेल तर त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन लावू नका. त्यातलं स्टायरीन थर्मोकोल विरघळवून टाकतं.

नमुना घोटून गुळगुळीत करायचा, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा मडगार्डवर छापला जातो. मग मेणाचे चार-पाच हात आणि त्यावर, साचा सुटून यावा म्हणून, पीव्हीएचा पातळ थर. या नमुन्यावरून साचा काढायचा. मडगार्ड अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त वळतं, त्यामुळे एकसंध साच्यात ते अडकतं. साचा मधोमध चिरलेला, दोन अर्ध्या भागांचा, कडेच्या पट्टीला बोल्ट लावून जोडलेला हवा. अर्धे भाग बाजूला ओढले की वस्तू सुटते आणि माथ्यावरची बारीक रेघ घासून जाते.

या साच्यात आधी जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रेझिनचा थर, मग तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत आला की मॅट आणि रेझिन. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचा एक आणि ४५० ग्रॅमचे दोन थर मिळून अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडी येते. पहिला थर पातळ, कारण तो कोपऱ्यात नीट बसतो. ब्रशने थोपटायचं, ओढायचं नाही, आणि रोलरने बुडबुडे काढायचे. किलोभर रेझिनला हार्डनर १० ते २० ग्रॅम. उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त. रेझिनला वेग देणारं कोबाल्टचं जांभळं द्रावण आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, आग लागू शकते. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. भर पावसाळ्यात हे काम न केलेलंच बरं. दमट हवेत मॅट ओल धरते, पांढुरके डाग पडतात आणि पृष्ठभाग चिकट राहतो.

घट्ट होण्याआधी, रबरासारखं असतानाच, कडा कटरने कापून घ्याव्यात. वाळल्यावर ग्राइंडर लावावा लागतो, आणि त्या धुळीची खाज दोन दिवस जात नाही. मास्क दोन्ही वेळा हवाच. सळ्या जिथे बसणार तिथे थरांच्या मध्ये पातळ पोलादी पट्टी घाला आणि नटाखाली रुंद वॉशर व रबर. नुसत्या फायबरला पाडलेल्या भोकापासून तडे जातात. पुढचं मडगार्ड विशेष भक्कम हवं: ते सैल होऊन चाकात घुसलं तर स्वार हँडलवरून पुढे जातो.

रंगात एक पेच आहे. फ्रेमचं पावडर कोटिंग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत होतं. फायबर त्या भट्टीत मऊ पडेल. म्हणजे फ्रेम एका पद्धतीने आणि मडगार्ड दुसऱ्या पद्धतीने रंगवायचं, आणि लाल शेजारी लाल ठेवलं की फरक डोळ्यात खुपतो. दोन्ही गाडीच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाने एकाच डब्यातून रंगवा, नाहीतर मडगार्डं मुद्दाम क्रीम रंगाची ठेवा. मी दुसरं निवडेन.

शेवटी गिअर. पुढे ४४ आणि मागे १८ दात घेतले तर पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्याला सायकल पाच मीटर जाते, सपाटीवर मजा. पण मुर्धा, राई, मोर्वा ओलांडून उत्तनकडे, धारावी देवीच्या डोंगराच्या बाजूला निघालात की एका गिअरची ही वीस किलोंकडे झुकलेली सायकल दमवते. पुढे ३६, मागे २० घेतले तर तेच अंतर पावणेचार मीटरच्या आसपास येतं आणि चढावर उतरून सायकल ढकलावी लागत नाही. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर स्पोक पुन्हा आवळा, मडगार्डचे नट बघा आणि बीबीजवळचे जोड फडक्याने पुसून केसाएवढी चीर दिसते का ते उजेडात तपासा. असलीच तर रंग खरवडून, चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून पुन्हा वेल्डिंग करायचं.