ध्वनिक वाद्ये, मानवी कंठ आणि इलेक्ट्रॉनिक संगीत : संगतीचा प्रश्न

प्रस्तावना :
वाद्य वा कंठातून निघणारा नाद आणि विद्युत्-उपकरणांनी निर्माण केलेला नाद यांचा एकाच रचनेत मेळ घालण्याचे महत्त्वाचे प्रयोग युरोपात १९५० नंतरच्या दशकात झाले. दोन्ही नादांची जात भिन्न असल्याने हा प्रश्न वरवर पाहता नादजातीचा वाटतो. प्रत्यक्षात तो काळाचा, म्हणजेच संगतीचा आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

नादजातीचा मेळ :
एडगार व्हारेझ यांच्या 'देझेर' (१९५४) या रचनेत वाद्यवृंद आणि ध्वनिफीत आळीपाळीने ऐकू येतात. दोहोंची भेट होत नाही. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी १९५६ मध्ये कोलोन येथे सादर केलेल्या रचनेत एका मुलाचा ध्वनिमुद्रित आवाज आणि इलेक्ट्रॉनिक नाद एकत्र आणले. 'आ', 'ई' यांसारख्या स्वरवर्णांत नियमित उपस्वर असतात, तर 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांचा नाद खरखरीचा असतो. या दोन टोकांमधील पायऱ्या त्यांनी उपकरणांद्वारे घडविल्या. त्यामुळे शब्द कधी स्पष्ट होतो, तर कधी नादात विरघळतो. तथापि ही रचना संपूर्णपणे ध्वनिफितीवरच होती. रंगमंचावर गायक नव्हता.

काळाचा प्रश्न :
श्टॉकहाउझेन यांच्याच 'कोन्टाक्टे' (१९६०) या रचनेच्या एका आवृत्तीत पियानो व तालवाद्यांचे वादक ध्वनिफितीसह वाजवितात. फितीची गती ठरलेली असल्याने वादकाला एखाद्या जागी रेंगाळता येत नाही. लेहरा यंत्रावर रियाज करणाऱ्या तबलावादकाला हा अनुभव परिचित आहे. यंत्र लय अचूक धरते; परंतु ते थांबत नाही आणि ऐकतही नाही. याउलट हार्मोनियमचा साथीदार गायकाचा श्वास ओळखून मागे राहतो.

यंत्राचे श्रवण :
पिएर बुलेझ यांच्या 'रेपों' (१९८१) या रचनेत सहा एकलवादकांच्या नादावर संगणक वादन सुरू असतानाच प्रक्रिया करतो. फिलिप मानूरी यांच्या 'ज्यूपिटर' (१९८७) मध्ये संगणक बासरीचे स्वर ओळखून वादक स्वरलिपीत कोठे पोहोचला हे ताडतो व त्यानुसार आपला नाद योजतो. येथे यंत्र प्रथमच साथीदाराच्या जवळ येते. मात्र कंठाच्या बाबतीत अडचण वाढते. मींड, कंप आणि उच्चार यांमुळे एक स्वर कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला, हे निश्चित करणे कठीण जाते. शिवाय ख्यालगायन उपजेवर आधारलेले असल्याने तेथे यंत्राला अनुसरण्यासाठी पूर्वलिखित स्वरलिपीच नसते.

समारोप :
सारांश, अशा रचनेचे मूल्यमापन करताना कोणता नाद वापरला यापेक्षा कोण कोणाचे ऐकतो, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. केवळ कलावंतानेच यंत्राशी जुळवून घ्यावयाचे असेल, तर त्यास सहवादन म्हणता येईल. संगत म्हणता येणार नाही.