वर्षावासात विहारात पर्जन्यमापक ठेवूया

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. आज पहिली ते पाचवीत शिकणारी बहुतेक मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांच्यासाठी दुष्काळ म्हणजे परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला एक धडा. पण नांदेड-लातूरच्या अनेक वस्त्यांवर घागर घेऊन नळावर उभी राहणारी तीच मुले आहेत. त्यांना पाण्याचे विज्ञान हाताने करून शिकवता येते आणि त्यासाठी वर्षावासासारखा दुसरा काळ नाही.

आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हा आपल्याकडे पावसाचा काळ. पावसात पिके आणि लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खूंनी एके ठिकाणी राहावे, हा वर्षावासामागचा एक हेतू होता. या तीन महिन्यांत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते, मुलेही येतात. त्याला एका वहीची जोड द्यावी.

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळ सपाट नसतो, म्हणून खडे टाकून थोडे पाणी भरा आणि त्या पातळीवर शून्याची खूण करा. तिथून वर मोजपट्टी चिकटवा. बाटली झाडापासून दूर, उघड्यावर ठेवा. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मुलांनी आकडा लिहावा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणावे.

आता गणित. एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. विहाराचे छत २० बाय ३० फूट असेल, तर १० मि.मी. पावसात त्यावर सुमारे साडेपाचशे लिटर पडते. १५ लिटरच्या किती घागरी झाल्या, हे मुलांनाच काढू द्या.

दुसरा प्रयोग मातीचा. दोन्ही तोंडे उघडी असलेला डबा काळ्या मातीत, मुरमात आणि तुडवलेल्या अंगणात थोडा रोवा. प्रत्येक वेळी तांब्याभर पाणी ओता, मुरायला किती वेळ लागतो ते मोजा. भेगाळलेली काळी माती आधी पाणी भराभर पिते. भिजून फुगली की पाणी साचते. खाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. पाऊस पडूनही बोअर का आटतो, याचे उत्तर इथून सुरू होते.

ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय स्वीकारू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण. संविधानाचे कलम ५१क पर्यावरणाचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही कर्तव्ये सांगते. शिवाय २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. नुकसानभरपाई ठरवताना महसूल मंडळाची नोंद पाहिली जाते. मुलांची वही सरकारी पुरावा ठरणार नाही. पण मंडळाचा आकडा आणि आपल्या गावचा पाऊस यांत फरक का, हा प्रश्न विचारायला ती शिकवेल.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. तो टिकवायचा तर पाणी किती पडते, कुठे जाते आणि आपल्या वस्तीपर्यंत किती येते, हे आपल्या मुलांना मोजता आले पाहिजे. येत्या आषाढ पौर्णिमेला प्रत्येक विहारात एक बाटली, एक वही आणि दोन जबाबदार तरुण एवढे पुरे.

जयभीम. नमो बुद्धाय.