वाराणसीच्या वेशीवरचा धर्मकाटा

ट्रकचे वजन करणाऱ्या मोठ्या काट्याला उत्तर भारतात ‘धर्मकाँटा’ म्हणतात आणि वाराणसीत शिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर या नावाची पाटी दिसते. महाराष्ट्रात ज्याला वजनकाटा किंवा नुसता ‘काटा’ म्हणतात त्याच यंत्राचे हे नाव असून, विकणारा, विकत घेणारा आणि माल वाहणारा यांपैकी कोणाचीही बाजू न घेता काट्याने खरे तेवढेच सांगावे ही अपेक्षा त्या नावातच आहे. मालाने भरलेला ट्रक रस्त्यात थांबवून त्याला काट्यावर चढवणे, त्याची कागदपत्रे पाहणे आणि वजन जास्त भरल्यास त्याला पुढे जाऊ न देणे, हा सर्वसामान्य प्रवाशाला केवळ सरकारी खाक्या किंवा वसुलीचा प्रकार वाटतो. वसुलीचा गैरप्रकार होत नाही असे नाही, परंतु त्यामुळे तपासणीमागचे मूळ कारण खोटे ठरत नाही, आणि ते कारण वाराणसीइतके ठळकपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

दिल्ली आणि कोलकाता यांना जोडणारा जुना ग्रँड ट्रंक रस्ता, ज्याला या भागात आज राष्ट्रीय महामार्ग 19 म्हणतात, वाराणसीला वळसा घालून गंगा ओलांडतो आणि चंदौली जिल्ह्यातून बिहारमध्ये उतरतो. दक्षिणेकडे सोनभद्र जिल्ह्यातील डाला आणि मिर्झापूर जिल्ह्यातील अहरौरा येथून दगडाची खडी येते, जिला तिकडे विदर्भाप्रमाणेच ‘गिट्टी’ म्हणतात. पूर्वेकडून बिहारमधल्या सोन नदीची वाळू येते, आणि चंदौलीतील चंदासी येथे कोळशाची मोठी मंडी आहे. मराठी वाचकाला या रस्त्यांचा आणखी एक धागा जवळचा वाटेल. देशातील सर्वांत लांब असलेला पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 7 वाराणसीहून निघून रीवा, जबलपूर, नागपूर, हिंगणघाट असा कन्याकुमारीपर्यंत जात असे. 2010 मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले तरी विदर्भातून वाराणसीच्या पहाडिया मंडीकडे फळे नेणाऱ्या ट्रकची वाट त्याच दिशेने जाते. तरीही काट्यावरचा खरा प्रश्न फळांचा नसून वाळू, खडी आणि कोळसा यांचा आहे, कारण हा माल वजनाला भारी आणि किमतीला हलका असतो, त्याचे भाडे टनावर ठरते, आणि म्हणून एका खेपेत जितका अधिक माल जाईल तितका फायदा अधिक, असे गणित भरणाऱ्याच्या मनात असते.

वजन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत संपूर्ण ट्रक एका लोखंडी किंवा काँक्रीटच्या फलाटावर उभा केला जातो. फलाटाखाली पोलादाचे भारमापक ठोकळे बसवलेले असतात, वजनाने ते डोळ्यांना न दिसेल इतके दबतात आणि त्या दबण्याने त्यांच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो, आणि या बदलावरून आकडा काढला जातो. दुसऱ्या पद्धतीत गाडी पूर्ण थांबवावी लागत नाही. डाफीसारख्या टोलनाक्यावर ट्रक रांगेतून सरकत असताना त्याची चाके जमिनीत बसवलेल्या पट्टीवरून जातात, प्रत्येक आसाचे वजन वेगळे नोंदले जाते आणि सर्वांची बेरीज होते. आस म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणारा दांडा, ज्याला चालक ‘एक्सल’ म्हणतात. हलत्या गाडीचे वजन धक्क्यांमुळे थोडे मागेपुढे होते, म्हणून वाद झाल्यास स्थिर काट्याचा आकडा अधिक भरवशाचा मानला जातो, आणि काटा स्वतः खरा आहे की नाही हे वैधमापनशास्त्र विभागाने ठरावीक मुदतीने तपासून त्यावर मुद्रा उमटवायची असते.

आसाचे वजन वेगळे का मोजायचे, या प्रश्नात संपूर्ण विषयाचे मर्म आहे. रस्त्याला ट्रकचे एकूण वजन एकदम जाणवत नाही. त्याला जाणवतो तो एकेका आसाखालचा दाब. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर निरनिराळ्या वजनांचे ट्रक महिनोन्महिने फिरवून एक मोठा प्रयोग करण्यात आला, आणि त्यातून असा निष्कर्ष निघाला की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. चौथा घात म्हणजे त्या संख्येला तिनेच चार वेळा मांडून गुणणे. भार दुप्पट केला तर झीज दुप्पट न होता सोळापट होते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आराखड्यातही 8.16 टनांचा आस हे प्रमाण धरून रस्त्याची जाडी ठरवली जाते. एका साध्या मोटारीच्या आसावर अर्धा टन भार धरला, तर या गणिताने प्रमाण आसाच्या एका फेरीइतकी झीज होण्यास तसे सुमारे सत्तर हजार आस त्या रस्त्यावरून जावे लागतील. चार टायरांच्या मागच्या आसावर 11.5 टनांची मुभा असताना कोणी 17 टन भरले, तर वजन दीडपटीहूनही कमी वाढते, पण झीज जवळजवळ पाचपट होते.

ही झीज प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहण्यासाठी ट्रकच्या डाव्या मार्गिकेकडे नजर टाकावी. डांबराच्या थराच्या तळाशी आधी केसासारख्या भेगा पडतात आणि त्या हळूहळू वर येतात. चाके जिथून नेहमी जातात तिथे रस्ता दबून दोन लांब चाकोऱ्या तयार होतात. पावसाळ्यात त्या चाकोऱ्यांत पाणी साचते, भेगांतून खाली मुरते आणि खालची खडी सुटी करते. त्यानंतर खड्डा पडायला एक पाऊस पुरतो. ओल्या वाळूचा ट्रक तर स्वतःच पाणी गाळत चालतो, कारण नदीपात्रातून उपसलेली वाळू निथळण्याआधीच भरली जाते आणि तिच्यातील पाण्याचा भार वाळूच्या भारावर चढतो.

पुलांची गोष्ट रस्त्यांहून गंभीर आहे, कारण रस्ता खचत खचत इशारा देतो आणि पूल नेहमीच तितका वेळ देत नाही. पुलाच्या तुळईला एकूण वजनाइतकीच त्या वजनाची मांडणीही जाणवते. आखूड गाडीत जवळजवळ असलेले आस सगळा भार तुळईच्या थोड्याशा भागावर टाकतात, म्हणून अमेरिकेत 1974 पासून आसांमधील अंतर आणि अनुज्ञेय वजन यांचे सूत्रच कायद्यात आहे. वाराणसीतील राजघाटचा मालवीय पूल 1887 मध्ये डफरिन पूल या नावाने सुरू झाला, 1948 मध्ये त्याचे नाव बदलले, आणि खाली रेल्वे व वर रस्ता अशा त्या दुमजली पुलावर अवजड ट्रकना मज्जाव आहे. त्याच्या जोडीला नवा पूल बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2024 मध्ये मंजुरी दिली असून त्यात खाली चार रेल्वेमार्ग आणि वर सहापदरी रस्ता असणार आहे.

तिथून पूर्वेला उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्या सीमेवर कर्मनाशा नदी आहे. तिच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य नाहीसे होते अशी समजूत असल्याने काशीहून गयेला जाणाऱ्या त्रिस्थळी यात्रेतील मराठी यात्रेकरूंपुढे ती ओलांडण्याचा मोठाच पेच असे, आणि म्हणून नाना फडणवीसांनी नौबतपूर येथे तिच्यावर पूल बांधायला घेतला होता. ते काम पुरे झाले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात बनारसमधील राजा पटनीमल यांच्या पैशाने आणि इंग्रज अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्या कामगिरीने तिथे दगडी पूल उभा राहिला. याच नदीवरील महामार्गाच्या आधुनिक पुलाच्या खांबांना डिसेंबर 2019 च्या अखेरीस तडे गेले, अवजड वाहतूक थांबवावी लागली आणि दोन्ही राज्यांत ट्रकच्या लांबच लांब रांगा लागल्या. पायी जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी पूल हवा असे वाटणाऱ्या पुण्याच्या कारभाऱ्याला ज्याची कल्पनाही करता आली नसती, अशा भाराखाली आज ती नदी ओलांडली जाते.

वजनाचा तिसरा संबंध थेट जिवाशी आहे. धावत्या गाडीची ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि थांबताना ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. रॉबर्ट्सगंजहून चोपनकडे उतरणाऱ्या मारकुंडी घाटासारख्या उतारावर जादा भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापून त्यांची पकड सुटू लागते, तसेच महाराष्ट्रात बोरघाटात किंवा खंबाटकीत होते. टायर फुटणे, वळणावर कलणे आणि पाटे तुटणे ही याच भाराची लेकरे आहेत. म्हणूनच वजनाबरोबर गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास सुस्थितीत असल्याचा दाखला, विमा, परवाना, दिवे आणि मागची परावर्तक पट्टी यांचीही तपासणी होते. मालवाहू गाडीने हा दाखला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवा करून घ्यायचा असतो.

मोटार वाहन कायदा, 1988 यातील कलम 113 वजनाची मर्यादा घालते, आणि कलम 114 नुसार अधिकृत अधिकारी ट्रकला पुढच्या वाटेवरील दहा किलोमीटरच्या आतल्या काट्यावर नेण्यास सांगू शकतो. वजन जास्त निघाल्यास जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू नये असा लेखी आदेशही त्याला देता येतो. जुलै 2018 मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवल्या, त्यामुळे दोन आसांच्या ट्रकचे मालासह एकूण वजन 16.2 वरून 18.5 टनांवर आणि तीन आसांच्या, म्हणजे दहा चाकी ट्रकचे 25 वरून 28.5 टनांवर गेले. त्यानंतर 1 सप्टेंबर 2019 पासून दंड कडक झाला. मर्यादा ओलांडल्यास 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार रुपये, तर वजन करण्यास नकार देऊन पळाल्यास 40 हजार रुपये. दहा टन जादा भरणाऱ्याचा आणि काटा टाळणाऱ्याचा दंड असा सारखाच येतो, आणि ते योग्यच आहे, कारण काटा टाळणारा सहसा तेवढेच लपवत असतो.

परंतु दंडाहून महत्त्वाचे आहे ते माल उतरवणे. एके काळी अनेक राज्ये ठरावीक रक्कम घेऊन जादा भारासह गाडी पुढे सोडत असत. परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9 नोव्हेंबर 2005 रोजी ही पद्धत बेकायदा ठरवली आणि दंड भरला तरी जादा माल उतरवावाच लागेल असे स्पष्ट केले. यामागचा विचार सरळ आहे, कारण पावती फाडल्याने आसावरचा एक किलोही भार कमी होत नाही आणि पुढच्या पुलाला पावती दिसत नाही. रस्त्यावर मात्र हाच नियम सर्वांत कमी पाळला जातो. भर उन्हात दहा टन वाळू कुठे उतरवायची, ती कोणी राखायची आणि मागच्या रांगेचे काय करायचे, याची सोय केल्याशिवाय काटे वाढवणे अपुरे आहे.

खनिजाच्या ट्रककडे आणखी एक कागद मागितला जातो, तो म्हणजे रवन्ना. माल कोणत्या खाणपट्ट्यातून, किती आणि कुठे चालला आहे हे सांगणारा हा वाहतूक परवाना उत्तर प्रदेशात ई-एमएम-11 या नावाने संगणकावर निघतो. महाराष्ट्रात त्याला स्वामित्वधनाची पावती किंवा नुसते ‘टीपी’ म्हणतात. काट्यावरचे वजन आणि रवन्न्यावरचे वजन जुळले नाही तर केवळ रस्त्याचे नुकसान होत नाही, तर नदीतून न नोंदलेली वाळू निघाली हेही उघड होते. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी वस्तू व सेवा कराचे ई-वे बिलही लागते. करासाठीचे सीमानाके 2017 मध्ये उठल्यानंतर ते फिरती पथके तपासतात. एक ट्रक परिवहन, खनिज आणि कर अशा तीन खात्यांकडून तीनदा अडवला जातो तो यामुळेच, आणि चालकांची तक्रार या बाबतीत रास्त आहे.

या तपासणीला चुकवण्याचाही एक धंदा उभा राहिला आहे. पुढे पथक आहे की नाही याची खबर देणाऱ्या आणि पैसे घेऊन भरलेल्या गाड्या पार करून देणाऱ्या माणसांना पूर्व उत्तर प्रदेशात ‘पासर’ म्हणतात. क्रमांकाच्या पाटीवर चिखल थापणे, पहाटेच्या अंधारात गावातल्या अरुंद रस्त्याने वळसा घालणे, हौद्याला फळ्या लावून तो उंच करणे हे सगळे प्रकार त्यातलेच, आणि महामार्गाच्या भारासाठी न बांधलेला गावचा रस्ता त्यात आधी मोडतो. वाटेवर माल तपासण्याची ही रीत नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरचा अंतपाल मालाच्या गाडीमागे सव्वा ‘पण’ (त्या काळचे नाणे) वर्तनी, म्हणजे वाटेचा कर घेई, माल पाहून त्यावर मुद्रा करी, आणि वाटेत व्यापाऱ्याचे काही गेले तर ते भरून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर असे. कर घेणारा आणि जबाबदारी घेणारा एकच होता, ही त्या व्यवस्थेची खरी ताकद म्हणावी लागेल.

आज पकडला जातो तो चालक, ज्याने माल किती भरायचा हे बहुधा ठरवलेलेच नसते. कलम 113 मध्ये न्यायालयाला असे गृहीत धरता येते की जादा भार मालकाच्या माहितीने किंवा हुकुमानेच भरला गेला, आणि मार्गावरील मालवाहतूक कायदा, 2007 नोंदणीकृत वाहतूकदारालाही तशी मनाई करतो. या तरतुदी वापरल्या गेल्या पाहिजेत, आणि काटा रस्त्यावर असण्याआधी खाणपट्ट्याच्या आणि खडीयंत्राच्या तोंडाशी असला पाहिजे, कारण तिथे चार पाट्या वाळू कमी करणे सोपे असते आणि सीमेवर ती उतरवणे जवळजवळ अशक्य. घर किंवा इमारत बांधणारा प्रत्येक जण या साखळीचे शेवटचे टोक आहे. त्याने वाळूचा ट्रक दारात आल्यावर रवन्ना आणि धर्मकाट्याची पावती मागून घ्यावी, आणि दोन्हींवरचे वजन जुळले तरच माल उतरवून घ्यावा.