विमानाची दिशा पायांत असते

विमान आकाशात उडविणे अवघड आणि जमिनीवर पळविणे सोपे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आमचाही होता. परंतु शिकाऊ वैमानिकाचे विमान धावपट्टी सोडून गवतात शिरते, ते पुष्कळदा या पळण्यातच, उड्डाणाच्या पहिल्या काही सेकंदांत.

सायकल असो वा रिक्षा, आपण मंडळी ती हाताने वळवितो. सेस्ना १७२ या लहान विमानातही समोर मोटारीसारखे चाक दिसते. जमिनीवर ते फिरवून मात्र विमान वळत नाही! दिशा सांभाळायची ती पायांखालच्या दोन पेडलांनी. त्यांनी शेपटीचा उभा रडर हलतो आणि पुढचे चाकही वळते. पेडलचा वरचा भाग दाबला की ब्रेक लागतो, म्हणून टाचा खाली टेकवून ठेवायच्या असतात. घाबरलेला विद्यार्थी हाताने चाक फिरवीत राहतो आणि पाय तसेच राहतात.

पण विमान मुळात तिरके जातेच का? सेस्नाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पूर्ण जोर दिला की त्याची हवा पीळ घालीत मागे येते आणि शेपटीच्या डाव्या अंगावर आपटते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. पंख्याच्या उलट दिशेला विमानाचे धूडही कलू पाहते, त्यामुळे डाव्या चाकावर भार वाढतो. त्यात डावीकडून वारा असला तर विमान वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे तोंड करते. उपाय एकच, उजवा पाय. (जुन्या टायगर मॉथचे इंजिन उलटे फिरे, तेथे डावा पाय लागे.) सुरुवातीला वेग कमी असल्याने रडरला जोर नसतो, तेव्हा पाय जास्त दाबावा लागतो, वेग वाढेल तसा कमी.

खरा घात पुढे होतो. नाक डावीकडे गेले म्हणून विद्यार्थी उजवा पाय दणकन दाबतो, विमान उजवीकडे जाते, मग पुन्हा डावा. असे हेलकावे सुरू झाले की थ्रॉटल मागे ओढून थांबणे हेच शहाणपण. काहीजण त्याऐवजी वेग पुरा होण्याआधीच विमान वर ओढतात. ते जरासे उचलते आणि पडते.

मुले थांबत का नाहीत? प्रशिक्षक रागावतील, ही भीती असतेच. दुसरे कारण आम्हाला अधिक खरे वाटते. शिक्षणाला लाखो रुपये लागतात, फी उड्डाणाच्या तासांवर मोजली जाते आणि घरी आईवडिलांनी कर्ज काढलेले असते. अर्धवट सोडलेले उड्डाण मुलाला पैशाची नासाडी वाटते. आपल्यापैकी कुणाचा मुलगा वा मुलगी गोंदियाजवळ बिर्सीला किंवा अन्यत्र हे शिक्षण घेत असेल, तर थांबलेल्या उड्डाणाचा हिशेब घरात विचारू नका.

आणखी एक साधी गोष्ट, सीटची. सेस्नाची सीट रुळावर पुढेमागे सरकते. तिचा खिळा नीट बसला नाही तर विमान जोरात निघताच ती मागे घसरते, पाय पेडलांपर्यंत पोहोचत नाहीत आणि हात आधारासाठी चाकच धरून ओढतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने हे रूळ व खिळे तपासण्याचा आदेश १९८७ साली काढला आणि २०११ मध्ये तो सुधारून पुन्हा काढला. इंजिन चालू करण्यापूर्वी सीटवर बसून ती मागेपुढे हलवून पाहायची, खिळा बसल्याचा आवाज ऐकायचा. यास एक पैसाही लागत नाही.