दुखणं निजतं, खाज जागी होते

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद. उत्तर कर्नाटकातल्या या पट्ट्यात घरात कॅन्सर निघाला की कुणी कलबुर्गीच्या किदवई केंद्रात जातं, कुणी सोलापूरला, कुणी बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलात, तर कुणी हैदराबाद गाठतं. दुखणं साध्या गोळ्यांना जुमानेनासं झालं की डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात. रात्ररात्र कण्हणाऱ्या माणसाला डोळा लागतो आणि सकाळी तो नाक चोळू लागतो. मग मान, छाती, पाठ. घरातलं कुणी म्हणतं, "गोळी गरम पडली." मेडिकलमधून अ‍ॅविल येते. तिनं गुंगी वाढते, खाज मात्र तशीच राहते. मग भीतीपोटी मॉर्फिनच बंद केलं जातं आणि दुखणं पुन्हा उसळतं. एवढ्या खटपटीनं मिळालेला आराम असा हातचा जातो, याचं फार वाईट वाटतं. कारण ही खाज बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसतेच. ती कुठून येते हे कळलं, तर भीतीची जागा आश्चर्य घेईल.

खाजेचा उगम कातडीत, ही आपली पक्की समजूत. अंगावर गांधी उठतात, पित्ताची गोळी घेतली की बसतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथं काम करतं ते हिस्टामीन. कातडीतल्या काही पेशी ते साठवून ठेवतात, ते सांडलं की मज्जातंतू चेतवले जातात. अ‍ॅविल आणि सेट्रिझिन या हिस्टामीनलाच अडवतात. पण खाजेची वाट एकच नाही, आणि याची साक्ष आपल्याच रानात वेलीला लोंबकळत असते. खाजकुयलीच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस कसा नाचतो! अमेरिकेतल्या वॉल्टर शेली आणि रॉबर्ट आर्थर यांनी १९५५ साली या लवीतला खाज आणणारा पदार्थ शोधला, तेव्हा तो प्रथिनं तोडणारं एक विकर निघाला. त्याला हिस्टामीनची गरजच नाही. म्हणून पित्ताची गोळी खाजकुयलीपुढे हात टेकते.

मॉर्फिनही थोडंफार हिस्टामीन सांडतं. इंजेक्शनच्या जागी कधी लाली किंवा गांध दिसते ती त्यामुळेच. पण खरी खाज कातडीच्या कितीतरी आत, मणक्यात सुरू होते. याचा पुरावा मिळतो बाळंतिणींकडून. सिझेरियनच्या वेळी कमरेतून मणक्यात सुई देतात, तेव्हा भुलीच्या औषधात कधी कणभर मॉर्फिन मिसळतात. किती? ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. एवढ्याशा औषधानं जवळजवळ दिवसभर टाके दुखत नाहीत, आणि निम्म्याहून अधिक जणींना खाज सुटते, तीही विशेषकरून नाकाला आणि चेहऱ्याला. सुई कमरेत आणि खाज नाकाला! मणक्याभोवतीच्या पाण्यातून औषध हळूहळू वर चढतं आणि मेंदूच्या बुडाशी, चेहऱ्याच्या संवेदना जिथं पोचतात तिथं जाऊन भिडतं. फेंटानिल हे मॉर्फिनचं भावंड हिस्टामीन जवळपास सांडतच नाही, पण मणक्यात दिलं की तेही खाज आणतं.

मणक्यात नेमकं काय होतं? २०११ साली सेंट लुईसच्या झोउ-फेंग चेन यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की पेशींवरच्या ज्या कुलपात (रिसेप्टरमध्ये) मॉर्फिन किल्लीसारखं बसतं त्याचा एक प्रकार खाजेच्या कुलपाला चिकटलेला असतो, आणि तो उघडताना शेजारचंही उघडतो. मग २०२१ साली पिट्सबर्गच्या सारा रॉस आणि सहकाऱ्यांनी आणखी एक वाट दाखवली, आणि मला तीच अधिक विलक्षण वाटते. मणक्यात काही मज्जापेशींचं कामच मुळी खाज दाबून ठेवण्याचं आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून पाखरं हाकणाऱ्या राखणदारासारख्या त्या अहोरात्र जाग्या असतात. मॉर्फिन वेदनेच्या पेशींना गप्प करतं, तसं या राखणदारालाही निजवतं. म्हणजे मॉर्फिननं खाज बाहेरून आणलेलीच नसते. ती आपल्या आत सदैव तयार असते आणि सदैव थोपवलेली असते. धडधाकट माणसाला दिवसभर खाज सुटत नाही, यामागेही मणक्यातली ही अखंड राखण आहे!

या राखणदार पेशी डायनॉर्फिन नावाचं रसायन सोडतात, आणि तेही मॉर्फिनसारखंच अफूच्या जातकुळीचं, पण शरीरानं स्वतः बनवलेलं. मॉर्फिन ज्या कुलपांत बसतं त्यांना म्यू म्हणतात, डायनॉर्फिनच्या कुलपांना कप्पा. म्यू खाज वाढवतं, कप्पा ती शमवतं. म्हणून नॅल्बुफिन आणि ब्युटॉर्फॅनॉलसारखी कप्पाला चेतवणारी औषधं मॉर्फिनच्या खाजेवर चालतात. डायलिसिसवरच्या रुग्णांना छळणाऱ्या खाजेसाठी जपाननं २००९ साली नॅल्फ्युराफिनला परवानगी दिली, तेही कप्पाचंच औषध. आणि पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्यांची असह्य खाज म्यूची कुलपं अडवणाऱ्या नॅल्ट्रेक्सोननं पुष्कळदा कमी होते. तिथं बाहेरून मॉर्फिनचा कणही दिलेला नसतो. (मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असलेल्यानं मात्र नॅल्ट्रेक्सोन घ्यायचं नाही. आराम एका झटक्यात जाईल आणि अंगाला थरकाप सुटेल.)

मग घरी काय करायचं? तोंडानं घेतलेल्या मॉर्फिनची खाज सगळ्यांना सुटत नाही, आणि ज्यांना सुटते त्यांच्यापैकी अनेकांची थोड्या दिवसांत आपोआप कमी होते. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात कातडी आधीच तडतडलेली असते, म्हणून कढत पाण्याची आंघोळ टाळावी. कोमट पाणी घ्यावं आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावं. गार पाण्याचा ओला फडका, सैल सुती कपडे, कापलेली नखं यांनीही बराच फरक पडतो. अ‍ॅविल मनानं देऊ नये, कारण मॉर्फिनच्या गुंगीवर तिची गुंगी चढते, आणि ते आजाऱ्याच्या श्वासाला धोक्याचं आहे.

पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, धाप लागली किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर ती खरी अ‍ॅलर्जी असू शकते. मग घरात थांबायचं नाही, थेट दवाखाना. एरवी गोळी आपल्या मनानं थांबवू नये. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, मॉर्फिनऐवजी त्याच कुळातलं दुसरं औषध देऊ शकतात, खाजेवर वेगळं औषध जोडू शकतात. त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात: खाज कितव्या गोळीनंतर सुरू झाली, आधी कुठं सुटली, आणि अंगावर काही उठलं की नुसतीच खाज आहे.