गुणपत्रिकेतला क्रेडिटचा रकाना

निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, "टक्के किती?" मुलगी सांगते, "सीजीपीए ७.२५." मग कुणीतरी मोबाइलवर ९.५ ने गुणतं, ६८.८८ येतात, आणि पुढे नोकरीच्या अर्जातही तेच टक्के भरले जातात. कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा विद्यापीठाचा आकडा वेगळा निघतो आणि मेहनतीनं पास झालेल्या मुलीला खुलासे देत बसावं लागतं.

गैरसमज : ९.५ ने गुणलं की टक्केवारी मिळते.

हा गुणक सीबीएसईच्या दहावीचा. सर्वंकष मूल्यमापनाच्या काळात, ९१ ते १०० गुणांच्या गटातल्या मुलांच्या सरासरीवरून तो काढला होता. सीबीएसईनं २०१८ च्या दहावीपासून पुन्हा गुण द्यायला सुरुवात केली, पण गुणक मात्र लोकांच्या तोंडी राहिला. पदवीच्या सीजीपीएशी त्याचा काही संबंध नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ७.२५ म्हणजे ६५ टक्के धरले आहेत. म्हणजे त्याच ७.२५ चे कुणी ६५ करतं, कुणी ६८.८८, तर सरळ दहानं गुणणारा ७२.५.

यातलं खरं कोणतं? तुमच्या विद्यापीठानं ठरवलेलं. ते सूत्र बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. मूळ टक्केवारी सीजीपीएतून तंतोतंत परत मिळतच नाही. ७० ते ७९ गुणांना एकच ग्रेड असेल, तर सगळ्या विषयांत ७० मिळवणाऱ्याचा आणि सगळ्यांत ७९ मिळवणाऱ्याचा सीजीपीए सारखाच येतो. मधले नऊ गुण ग्रेड देतानाच पुसले गेले, ते कोणत्या सूत्रानं परत आणणार? म्हणून प्रत्येक सूत्र हा त्या त्या संस्थेनं केलेला ठराव असतो.

गैरसमज : सगळ्या विषयांच्या ग्रेड पॉइंटची सरासरी म्हणजे एसजीपीए, म्हणजेच एका सेमिस्टरचा निकाल.

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीनं होतं, कारण अभ्यासाची आखणीच चुकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा पॉइंटांच्या पद्धतीत 'ओ' ला १०, 'ए प्लस' ला ९ असं उतरत 'पी' ला ४ आणि नापासाला शून्य असतं. प्रत्येक विषयाचे पॉइंट त्याच्या क्रेडिटनं गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रात्यक्षिकाचं एक म्हणजे दोन तास.

एका सेमिस्टरचं उदाहरण घेऊ. गणित ४ क्रेडिट, पॉइंट ६. यंत्रशास्त्र ४ क्रेडिट, पॉइंट ६. रसायनशास्त्र ३ क्रेडिट, पॉइंट ७. संवादकौशल्य २ क्रेडिट, पॉइंट ९. प्रात्यक्षिक १ क्रेडिट, पॉइंट १०. साधी सरासरी ७.६ येते. पण गुणाकार केले की २४, २४, २१, १८ आणि १० मिळून ९७ होतात. त्याला १४ नं भागलं की ६.९३. विद्यार्थी साडेसातच्या भरवशावर असतो आणि गुणपत्रिकेवर सातसुद्धा नसतात. गणितात एक ग्रेड वर गेला असता तर ७.२१ झाले असते. उलट प्रात्यक्षिकात एक ग्रेड घसरला असता तर जेमतेम ०.०७ गेले असते. परीक्षेआधी कुठल्या विषयाला किती रात्री द्यायच्या, हे क्रेडिटचा रकाना सांगतो. पण निकाल हातात आल्यावरही तो वाचणारी मुलं फार थोडी भेटतात.

त्याच गणितात नापास होऊन केटी लागली तर? पॉइंट शून्य होतात, पण भाजकातले ४ क्रेडिट तसेच राहतात : ७३ भागिले १४, म्हणजे ५.२१. काही विद्यापीठं विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत.

गैरसमज : शेवटच्या सेमिस्टरला सगळं भरून काढता येतं.

पाच सेमिस्टर प्रत्येकी २० क्रेडिटची, सगळीकडे ६.८. सहाव्यात जिवाचं रान करून ९ मिळवले, तरी सीजीपीए ७.१७ वरच थांबतो. म्हणून पहिल्या वर्षातच मुलांशी हे बोलायला हवं. आणि सेमिस्टरांची क्रेडिट कमीजास्त असतील तर एसजीपीएंचीही साधी सरासरी चालत नाही. २० क्रेडिटला ६.५ आणि २४ क्रेडिटला ८ असतील, तर उत्तर ७.२५ नसून ७.३२ येतं.

गैरसमज : परदेशासाठी चार पॉइंटांत बदलायचं तर दहानं भागून चारनं गुणायचं.

अमेरिकेसाठी मूल्यांकन करणाऱ्या संस्था बहुधा एकेक विषय बघतात, त्यामुळे असा घाऊक हिशोब तिथे टिकत नाही. जर्मनीत तर मोजपट्टीच उलटी आहे. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. तिकडच्या प्रचलित सूत्रात कमाल पॉइंटमधून तुमचे पॉइंट वजा करतात, कमाल आणि किमान उत्तीर्ण पॉइंटमधल्या फरकानं भागतात, तीननं गुणून एक मिळवतात. सीजीपीए ८ आणि उत्तीर्णतेची हद्द ४ असेल, तर उत्तर २.० येतं. हद्द ५ असेल तर त्याच ८ चे २.२ होतात. म्हणून जर्मनीला अर्ज करताना उत्तीर्णतेची हद्द स्पष्ट लिहिलेला विद्यापीठाचा ग्रेडतक्ता गुणपत्रिकेसोबत जरूर जोडावा.